हात खाली

"बाई," कुमुदनं घशातून जोर लावून हाक मारली. लहानपणी कर्णबधिर शाळेत हा एक शब्द उमटायला आठ महिने लागले होते. बाईंनी तिचा तळवा आपल्या गळ्यावर धरून आवाज कसा थरथरतो ते शिकवलं होतं. हातानं खुणा केल्या की बोटांवर पट्टी बसायची. "हात खाली. तोंडानं बोल."

तिचं हे घोगरं बोलणं पुढे घरच्यांनाही कधी धड कळलं नाही. कळायचं ते फक्त बाईंना.

आता म्हाताऱ्या झालेल्या बाई घरच्या खुर्चीत जागच्या हलल्या नाहीत. त्यांची सून कुमुदकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "आईंना दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. अक्षरंही दिसत नाहीत."

कुमुदनं बाईंचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा हाक मारली. बाईंचा चेहरा उजळला. त्या भराभरा काहीतरी बोलू लागल्या, पण बोळक्या तोंडाचे ओठ कुमुदला वाचता येईनात. शेवटी तिनं दोन्ही हात उचलून खुणेनं सांगितलं, "मी कुमुद."

बाईंना बोटांची हालचाल तेवढी अंधुक दिसली. त्यांनी तिच्या बोटांवर चापट मारली.

कुमुदनं हात खाली घेतले.