एकही तक्रार नाही

"मास्तर, वाफ येतेय! उतरू का?" असं विचारेपर्यंत शिकायला आलेल्या बाई उतरल्यासुद्धा होत्या. सिग्नल हिरवा झालेला, मागे हॉर्नचा नुसता कलकलाट, आणि 'शिकाऊ' अशी पाटी लावलेली मास्तरांची गाडी चौकाच्या मधोमध फुसफुसत उभी.

मास्तरांचा गाडी शिकवायचा क्लास होता आणि क्लासला गाडी ही एकच. दर आठवड्याला कुणीतरी घाबरून दुसऱ्या क्लासकडे पळत होतं. असंच चाललं तर पाटी उतरवून घरी बसायची वेळ येणार, हे त्यांना कळत होतं.

त्यांनी मिस्त्रीला फोन लावला.

"रेडिएटर संपलाय मास्तर," मिस्त्री म्हणाला. "मी कंपनीकडे शब्द टाकलाय. सोमवारी या, होईल काहीतरी."

रेडिएटर तापत होता ते एक वेळ ठीक. मास्तर स्वतः त्याहून जास्त तापत होते, ते साडूवरून. साडूच्या गाडीला काहीच होत नव्हतं!

हा धाकटा साडू चष्मेवाला. खाली चष्म्यांचं दुकान, वर घर, मागे अंगण. दोघांनी एकाच दिवशी एकाच मॉडेलच्या गाड्या घेतल्या होत्या. शोरूममध्ये दोन उभ्या होत्या. मोठे म्हणून निवड मास्तरांची. त्यांनी बॉनेटवर थाप मारून डावीकडची घेतली. उरलेली चष्मेवाल्याने घेतली, तीही हसत हसत. आणि उरलेलीच सोन्यासारखी निघाली. मास्तरांची पहिल्याच उन्हाळ्यात तापायला लागली. पंखा गेला, पाइप गेले, आणि गेल्या हिवाळ्यात चक्क इंजिन जाम झालं.

तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. जेवायलासुद्धा उठेनात. मग एक दिवस मिस्त्रीचा फोन आला, "या, कंपनीने इंजिन पाठवलंय. तुमच्या तक्रारींना कंटाळली असेल."

मास्तरांची कॉलर ताठ झाली. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "भांडलो म्हणून मिळालं. नाहीतर तुझ्या बहिणीचा नवरा! सदा आपला गोड."

"त्यांना कशाला मध्ये आणता हो?" बायको म्हणाली आणि आत निघून गेली. हल्ली ती चष्मेवाल्याचीच बाजू घ्यायची. मास्तरांना तेही खुपत होतं.

रविवारी दोघांना धाकट्या मेव्हणीकडे जेवायचं बोलावणं होतं. वाटेत बाजाराशी चष्मेवाला दिसला, दोन्ही हातांत पिशव्या, घामाघूम.

"गाडी असून चालत?" मास्तरांनी काच खाली केली.

"डॉक्टरांनी सांगितलंय. पोट कमी करा म्हणाले." तो मागच्या सीटवर बसला.

डॉक्टरांनी कसलं सांगितलंय, मास्तरांच्या मनात आलं. गाडी झिजू नये म्हणून चालतो, पक्का कंजूष! त्यांनी किल्ली फिरवली. गाडी घरघरली, पण सुरू होईना.

"पाय उचला," मागून चष्मेवाला म्हणाला. "गरम असताना या इंजिनाला अ‍ॅक्सिलरेटर चालत नाही. नुसती किल्ली फिरवा."

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना हा शिकवणार! त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. रागारागात पाय उचलून त्यांनी किल्ली फिरवली, आणि गाडी मुकाट सुरू झाली. त्याचा तर आणखीनच राग आला.

चष्मेवाल्याची गाडी मागच्या अंगणात कव्हर घालून उभी होती. कव्हरसुद्धा धुतलेलं.

"काय म्हणतेय तुमची?" जेवताना मास्तरांनी विचारलंच.

"मजेत आहे. एकही तक्रार नाही."

"गाडीच्या दाराला कुलूपही नाही लावत म्हणे?"

"कशाला लावू? ती कुठं जातेय!"

चष्मेवाला स्वतःच मोठ्याने हसला. धाकटी हसली नाही. "भाऊजी, पाणी आणते हं," म्हणून उठली. तांब्या भरलेलाच होता.

"आमचं बघा," मास्तर म्हणाले. "कंपनीने इंजिन पाठवलं, पण तेल भरतो तिथलं झाकण विसरले. मिस्त्रीने जुनंच तारेनं बांधून बसवलंय. उद्याच फोन करून झाडतो एकेकाला!"

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला. "अरेच्चा! झाकण राहिलं होय?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे... कंपन्यांचं काय सांगावं." तो पुन्हा खाली बघून जेवायला लागला. "बाकी इंजिन बरं आहे ना?"

जखमेवर मीठ चोळायची ही त्याची रीतच होती. भेटला की हाच प्रश्न. मास्तरांचं आता जेवणात लक्ष लागेना. या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदाच तक्रार ऐकायची होती. त्यानेही चौकात उभं राहावं, मागच्यांच्या शिव्या खाव्यात, आणि घरी येऊन म्हणावं की काय ही भिकार गाडी!

हात धुऊन त्यांनी मोबाइल कानाला लावला. "हॅलो... हो, बोला," म्हणत ते मागच्या दाराने अंगणात आले. खिशात पक्कड होती, घरूनच आणलेली. रेडिएटरच्या खालच्या पाइपची क्लिप जराशी सैल करायची, बस्स. पाणी थेंबथेंब गळत राहील, कुणाला कळणारही नाही.

त्यांनी कव्हर मागे सारलं, दार उघडून आतला खटका ओढला आणि बॉनेट उचललं.

रेडिएटर होता, पण स्क्रू काढून, कापडात गुंडाळून, सुतळी बांधून न्यायला तयार ठेवलेला. त्याच्यामागे, इंजिनाच्या जागी, काहीच नव्हतं. थेट अंगणातली फरशी दिसत होती. आणि बॅटरीशेजारी, स्वच्छ पुसून ठेवलेलं, तेलाचं झाकण होतं.