चिमणीखालची वाटी

सासूबाईंना जाऊन आठ दिवस झाले होते. सुतकात फोडणी द्यायची नाही, म्हणून तनुजाने खराडीच्या फ्लॅटमध्ये गॅस लावलाच नव्हता. डबा शेजारून येई. तिचा नवरा सुदर्शन मात्र आई गेल्यापासून नुसत्या पाण्यावर होता.

तरीही स्वयंपाकघरातल्या चिमणीखालची, तेल साठायची वाटी रोज सकाळी काठोकाठ भरलेली असे. तनुजा ती घासूनपुसून पुन्हा लावी. दुपारपर्यंत परत तेच.

शेवटी तिने सर्व्हिसिंगवाल्या जयसिंगला बोलावलं.

“वहिनी, रोज पुऱ्या तळता की काय?” जाळ्या काढत तो म्हणाला. “एवढं तेल साठू देऊ नका. एक दिवस पेट घेईल.”

“अहो, आठ दिवसांत साधा चहासुद्धा केला नाही इथे!”

त्याने वाटी तिच्या हातात दिली. ती गरम होती. तेलाला लसणाच्या फोडणीचा वास होता, सासूबाई द्यायच्या तशा, जरा करपलेल्या.

जयसिंगने सिलिंडरचा रेग्युलेटर काढला. मग चिमणीचा प्लग उपसला. प्लग त्याच्या हातात असतानाच चिमणी घरघरू लागली.

तनुजाने थंडगार शेगडीवर दोन्ही हात टेकले.

“आई, पुरे करा हो. पाया पडते. जेवतो तो. खरंच जेवतो.”

चिमणी थांबली.

आतल्या खोलीत सुदर्शनने तृप्तीचा ढेकर दिला.