वार कुठं पुरायची

विद्युल्लताचं संशोधन येऊन अडलं होतं ते भिवंडीतल्या एका प्रसूतिगृहाच्या दारात. पेशीतल्या जनुकांचं काम सुरू करून देणारं एक प्रथिन तिनं उंदराच्या आणि बकऱ्याच्या यकृतात ओळखलं होतं. माणसातही तेच असतं का, हे ताडून पाहायला तिला बाळामागून पडणारी ताजी वार हवी होती. अठ्ठ्याऐंशी सालात ती द्यायला एकही घर तयार होईना.

त्या दिवशी सकाळी तिथंच तिच्या वहिनीला, बकुळाला, मुलगी झाली. "माझी ना नाही," बकुळा म्हणाली, "पण आईंना तूच विचार."

आई खारबावहून मडकं घेऊनच आली होती. वार अंगणात पुरायची. जिथं वार पुरली तिथं पोराचा जीव ओढतो, हे तिचं ठाम मत. नर्सनं वार मडक्यात ठेवली, तशी विद्युल्लतानं बर्फाचा थर्मास पाठीमागं लपवला आणि कसंबसं विचारलं,

"आई, ही मला देशील? मुंबईला, आमच्या लॅबमध्ये न्यायचीय."

आईनं मडकं उचलून पोटाशी धरलं. विद्युल्लताला वाटलं, संपलं सगळं.

"माझी वार गोठ्याच्या दाराशी पुरली व्हती," आई म्हणाली. "सगला जल्म शेनात गेला. तुझ्या टायमाला मी तुझ्या बापाला सांगितलं, हिची गोठ्यात न्हाय. त्यानं गपचूप शालेच्या कुंपनात नेऊन पुरली."

मग तिनं मडकं लेकीच्या हातात दिलं.

"घे. माझ्या नातीला तुझ्या लॅबची ओढ लागू दे."