डावीकडची बरणी

दोन बरण्या टेबलावर ठेवून पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचा ब्रिस्बेनहून आलेला विक्रेता हसला.

“दोन्हीत तुमच्याच तलावाचं पाणी आहे,” विक्रेता म्हणाला. “एक अतिनील दिव्यासमोरून नेलंय, दुसऱ्यात ओझोन सोडलाय. कुठलं कुठे ते आत्ता सांगत नाही. वास घ्या आणि तुम्हीच ठरवा.”

डॉरीनने बरण्यांना हातही लावला नाही. खुर्चीत मागे रेलून तिने मर्वकडे बोट दाखवलं. “आमचा मर्व बसलाय ना. असलं नाक अख्ख्या बंडाबर्गात सापडायचं नाही.”

पोहण्याचा तलाव डॉरीनचा. तान्ह्या बाळांना पाण्याची ओळख करून द्यायचे वर्ग ती तिथे चालवी. मर्व तिथला पंपवाला. पाणी कधी बिघडतंय ते त्याला म्हणे दारातूनच कळायचं, आणि ते खरंही होतं, गेल्या हिवाळ्यापर्यंत. त्या हिवाळ्यात गावभर आलेल्या तापाने त्याची वासाची जाणीव पार पुसून नेली. उसाचे फड पेटले की गाव खिडक्या लावून घेई. मर्वला धूर नुसता दिसे.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याला वासच येत नाही असा पंपवाला कोण ठेवून घेईल? या वयात दुसरं काम मिळण्याची आशा नव्हती, आणि बायको गेल्यापासून सकाळी उठून जायला एवढी एकच जागा उरली होती. ती हातची जाऊ नये म्हणून तो नाटक करत राहिला. पहाटे येऊन नळीभर पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा, आणि डॉरीन आली की मोठा श्वास ओढून ऐटीत निकाल द्यायचा. हल्ली तीही रोज पंपखोलीच्या दाराशी थांबून विचारू लागली होती, “काय रे, आज वास काय म्हणतोय?” आणि उत्तर देईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तिला संशय आलाय, याबद्दल मर्वच्या मनात शंका उरली नव्हती.

विक्रेत्याने पुन्हा सगळं समजावलं. दिव्याच्या नळीतून पाणी गेलं की त्या किरणांनी जंतू मरतात, डोळे चुरचुरवणारा वासही मोडतो. वेळच्या वेळी दिवा बदलला की झालं. ओझोन जागच्या जागी हवेतून तयार होतो, जंतूंबरोबर अंगाचा मळ, तेल, सगळं खाऊन टाकतो, पाणी काचेसारखं दिसतं. थोडं क्लोरिन दोन्हीकडे लागतंच. बोलता बोलता त्याने आपली खुर्ची दोनदा खिडकीकडे सरकवली. टेबलावरच्या फुलदाणीत चाफा काळा पडला होता आणि पाण्यावर शेवाळाचा तवंग आला होता.

“आणि ओझोन गळला तर?” मर्वने विचारलं. “वायू जड असतो. खाली उतरतो, पाण्यालगत. तिथे बाळांची तोंडं असतात.”

“गळला तर वास येतो की. वीज पडल्यावर येतो तसा, नाकात झोंबणारा. शिवाय भोंगा मिळतो, वायू सुटला की आपोआप वाजतो.”

“भोंगा नको,” डॉरीनने तिथेच तोडून टाकलं. मागे आगीचा भोंगा उगाचच वाजला होता आणि आया ओल्या पोरांना कवटाळून रस्त्यावर पळाल्या होत्या. त्यातल्या निम्म्या परत आल्याच नाहीत. “मर्व, सूर मारायचा सोडून काठावर काय उभा राहिलास? घे वास. बाळांच्या केसांना क्लोरिनचा वास मारतो म्हणून आया माझं डोकं खातायत. ज्या पाण्याला वास कमी, तेच यंत्र आणायचं.”

मर्वने डावी बरणी नाकाशी धरली. मग उजवी. मग पुन्हा डावी, जास्त वेळ. दोन्ही बरण्यांत त्याच्यासाठी काहीच नव्हतं. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का पाहिलं. तो फुलदाणीकडे बघत होता. डावी अतिनीलची असू दे, एवढंच मर्वने मनाशी म्हटलं.

“डावी,” तो म्हणाला. “डावी स्वच्छ आहे. उजवीला अजून वास मारतोय.”

“वा,” विक्रेता म्हणाला. “डावी ओझोनची.”

डॉरीनने टेबलावर थाप मारली आणि तिथल्या तिथे सही केली. ओझोन, भोंग्याशिवाय. विक्रेत्याने भोंग्याचं पुन्हा काढलं तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं. बरण्या उचलून तो घाईने मोकळ्या हवेत गेला आणि त्याची गाडी उसाच्या रस्त्याला लागली.

मर्व जागचा हलला नाही. पलीकडे वर्ग सुरू झाला होता. पाण्यावर हात आपटत बाळं खिदळत होती, आया गाणं म्हणत होत्या. काम वाचलं होतं, आणि त्याचा त्याला धड आनंद होईना. ती गाणी ऐकवेनात. गेलं काम तर गेलं, असं शेवटी त्याने ठरवलं.

“डॉरीन, भोंगा बसवून घे,” तो म्हणाला. “माझ्या नाकावर एवढी बाळं सोपवू नकोस. माझं नाक...”

“म्हातारं झालं म्हणशील,” ती हसली. मग उठून तिने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ, बाहेर कुठे बोलू नकोस. आयांना कळलं तर एक पोर इथे यायचं नाही. मागच्या हिवाळ्यातल्या त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही, मर्व. रोज सकाळी तू सांगतोस तेवढाच.”