चष्मा आण, कथा आली

"न वाचणाऱ्यांना काढून टाक गं आई, उगाच आकडे खाली ओढतात," म्हणत लेकीने लॅपटॉप पुढे सरकवला.

दर रविवारी सकाळी आठला शैलजाताई आपली नवी कथा वाचकांना मेलने पाठवत. न उघडणाऱ्यांच्या यादीत शेवडे सरांचं नाव दिसलं आणि त्या चरकल्या. सरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण पहिलं उत्तर कायम त्यांचंच यायचं, "शेवट घाईत उरकलात!" दिवाळीपासून त्यांनी एकही कथा उघडली नव्हती. शैलजाताईंनी तिरीमिरीत लिहिलं, "कंटाळा आला असेल तर तसं सांगा, नाव काढते." खाली फोन नंबर टाकला.

दुपारीच फोन आला, सरांच्या पत्नीचा.

"नातीने तुमचा मेल वाचून दाखवला. हे दिवाळीतच गेले हो. यांच्या फोनवर आता कुणाचंच काही येत नाही, रविवारी तेवढी तुमची कथा वाजते. ती वाजली की हे म्हणायचे, 'चष्मा आण गं, कथा आली.' मला ती उघडता येत नाही. पण वाजली की मी चष्मा आणून फोनशेजारी ठेवते. नाव नका ना काढू."

"नाही काढत," शैलजाताई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी कथेचा शेवट काही केल्या सुचेना. बाकीच्यांना थांबायला सांगून त्यांनी आठच्या ठोक्याला ती अर्धीच कथा एकट्या सरांना पाठवली.