साहेबाचा माणूस

नत्थूजींनी ट्रान्सफॉर्मर उचलून नाकाशी धरला. मग खिशातून ब्लेडचा तुकडा काढून त्याची बाहेर आलेली तार खरवडली.

"ओ! ठेवा ते खाली," काउंटरमागून कृष्णकांत ओरडला. "वास घेऊन घ्यायला भाजी आहे का ती?"

सुमतीनं हातातल्या यादीत डोकं घातलं. मासिकातल्या आकृतीवरून यादी तिनंच केली होती. टीव्हीला जोडायचा खेळ तिला घरी बनवायचा होता. पडद्यावर एक ठिपका इकडून तिकडे जातो, दोन्ही कडांच्या फळ्या वरखाली करून तो परतवायचा, एवढंच त्यात. पण घरमालकांच्या नातवाकडे तसला खेळ आल्यापासून तिची पाच वर्षांची लेक लतिका त्यांच्या उंबऱ्याबाहेर बसून हवेतच बटणं फिरवायची. आत ये, असं तिला कुणी म्हणत नव्हतं. सुमती जिन्यावरून रोज ते बघायची.

खेळ चालवणारी चिप, आयसी, महाग निघाली. निम्म्याहून जास्त पैसे तिच्यातच गेले. बटणांना लागणारे दोन कंट्रोल आणि छोटा स्पीकर घेतल्यावर फार काही उरलं नाही. ट्रान्सफॉर्मर जुनाच, नवी तार भरलेला घ्या, असं कृष्णकांतनंच सुचवलं. तिला पटलंही. ट्रान्सफॉर्मर काही पडद्यावर दिसत नाही.

कृष्णकांत बी.एस्सी.ला तिच्याच वर्गात होता. सीताबर्डीतलं हे दुकान त्याचं आहे, हे तिला आत पाऊल टाकेपर्यंत माहीत नव्हतं. त्यानं मात्र बघताक्षणी ओळखलं.

"बाबा काय म्हणतात? आता तर फारच मोठे साहेब झाले असतील!"

"हो," ती म्हणाली. किती सहज आलं ते तोंडातून.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मुली आपापल्या वडिलांचं सांगत होत्या. हिनं सांगितलं, वीज मंडळात इंजिनीअर. नरखेडला टिनाच्या शेडमध्ये बसून पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतात, हे सांगायला जीभ वळली नाही. मग तीन वर्षं तेच चाललं.

आणि आजच्यासाठी तिनंच पोस्टकार्ड टाकून वडिलांना बोलावून घेतलं होतं. आकृती तिला कळत होती. पण तार जळकी की चांगली, हे हातात धरून सांगणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. एसटीनं आलेले नत्थूजी बाहेरच्या नळावर तोंड धुवायला थांबले, म्हणून तिच्या मागून आत आले. त्यांनी किती ऐकलं, कुणास ठाऊक.

"हे नोका देऊ," नत्थूजी म्हणाले. वार्निशनं काळी पडलेली त्यांची नखं काचेवर टेकली होती. "तार अल्युमिनियमची हाय. आतला कागदबी जळेल हाय. इकडचा करंट तिकडं उतरंल. लेकरू हात लावनार हाय याले."

 सुमतीला लतिकाची बोटं दिसली.

कृष्णकांतचा चेहरा ताठ झाला. "सुमती, हा माणूस तुमच्यासोबत आहे का? कोण आहे हा?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही वळून पाहिलं. सुमतीनं तोंड उघडलं. मग यादीवरचा आयसीचा नंबर पुन्हा एकदा वाचला. तो तिला पाठ होता.

"मी साहेबाचा मानूस आहो जी," नत्थूजीच म्हणाले. "इंजिनीअरसाहेबानं धाडलं मले. बाई एकट्या जाऊन राहिल्या, माल पाहून घेजो, म्हने."

म्हणजे सगळंच ऐकलं होतं.

"मग आधी सांगायचं ना, राजा!" कृष्णकांत मोकळा हसला. "साहेबांच्या घरी असला माल जाईल का?" तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून नवा ट्रान्सफॉर्मर काढला. पैसे तेवढेच द्या म्हणाला. नत्थूजींनी हाही नाकाशी धरला. या वेळी कुणी ओरडलं नाही.

"हे चांगलं हाय," ते म्हणाले.

सगळं सामान पिशवीत घालून त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. मग ते सुमतीच्या दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले, मान खाली घालून, ती निघण्याची वाट बघत. त्यांच्या शेडवर मोठमोठे संत्रेवाले पंपाची मोटार घेऊन यायचे, तेव्हा ते वरसुद्धा बघत नसत. "बस गा जरा," म्हणायचे, आणि ती माणसं मुकाट्यानं बसायची. असं उभं राहिलेलं तिनं त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

लतिकाला आता धोका नव्हता. हवी ती वस्तू मिळाली होती. फक्त पायऱ्या उतरायच्या होत्या.

तिचे पाय हलले नाहीत.

"कृष्णकांत," ती म्हणाली. आवाज चिरकला, तशी ती पुन्हा म्हणाली, "कृष्णकांत, हे माझे वडील आहेत. नत्थूजी. नरखेडला मोटारी भरतात. इंजिनीअर कुणी नव्हतंच कधी. मी खोटं सांगितलं होतं."

पैसे मोजणारा कृष्णकांतचा हात थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या नत्थूजींच्या टोपीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

नत्थूजी मोठ्यानं हसले.

"बाईचं मनावर घेऊ नोका जी," ते म्हणाले. "लहानपनी मीच खांद्यावर बसवून हिंडवलं त्याइले. तवापासून मले बापच म्हनतेत."