आशीर्वादाला माणूस

जेर्बा बेटावरच्या आमच्या गावात सगळेच कोहेन, म्हणजे बापाकडून मुलाकडे चालत आलेले पुजारी. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये सगळे पुढे उभे राहून, डोक्यावरून शाल ओढून, हात उंचावून आशीर्वाद देत. घ्यायला समोर एकटा मखलूफ. हा शिंपी बाहेरून येऊन राहिलेला, साधा यहुदी.

त्याने बिशिरीकाकांच्या मुलीला, गझालाला मागणी घातली.

"आमचं घराणं थेट पहिल्या पुजाऱ्यापासूनचं, अहरोनापासूनचं," काका म्हणाले. "तुझा पणजोबा कोण, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाही, काका. पण तोही कोहेन निघाला, तर तुम्ही आशीर्वाद कुणाला देणार?"

काकांनी त्याला घालवून दिलं. गझालाने मात्र त्याला वाटेत गाठून सांगितलं, "या शनिवारी येऊ नकोस."

शनिवारी सगळ्यांनी हात उंचावले. काकांनी शालीआडून हळूच पाहिलं. समोरची बाकं रिकामी. आशीर्वाद म्हणून झाला, पण 'आमेन' म्हणायला कुणीच नव्हतं.

रविवारी सकाळीच काका मखलूफच्या दुकानात जाऊन बसले. "लग्नाचा अंगरखा शिवायचाय," ते पडेल आवाजात म्हणाले. "तुझ्याच मापाचा."

वर्षाने गझालाला मुलगा झाला. काका घरोघर खजूर वाटत फिरले.

शेजारी हसला. "एवढं काय त्यात? नातू काही कोहेन नाही."

"म्हणून तर वाटतोय," काका म्हणाले. "पुजारी आपल्याकडे पोत्याने पडलेत. या गावात जन्मलेला भक्त हा पहिलाच."